निर्जळी व्रताची झाडे

महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या दारावर एक नवलाचे दृश्य दिसते. चौकटीच्या वर एक खिळा असतो, खिळ्याला सुतळी असते आणि त्या सुतळीला मुळासकट उपटलेली कोरफड उलटी टांगलेली असते. घराला दृष्ट लागू नये म्हणून ती टांगतात, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. दृष्टीचे खरेखोटे बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. या कोरफडीच्या मुळांना माती नाही. तिला कोणी पाणी घालत नाही. अशा स्थितीत मेथीची जुडी दुपारपर्यंतही टवटवीत राहत नाही. गुलाबाचे उपटलेले रोप दोन दिवसांत वाळून जाते. कोरफड मात्र आठवड्यामागून आठवडे हिरवी राहते. इतकेच नव्हे, तर तिचा शेंडा हळूहळू वळतो आणि पुन्हा आकाशाकडे तोंड करतो.

अन्नपाण्यावाचून इतके दिवस तग धरण्याचे हे बळ तिच्यात येते कोठून?

त्याचे उत्तर तिच्या पानातच आहे. कोरफडीचे पान आडवे कापले, म्हणजे बाहेर चिवट हिरवी साल दिसते आणि आत काचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत गर दिसतो. या गराच्या शंभर भागांपैकी सुमारे ९८ ते ९९ भाग निव्वळ पाणी असते. पान म्हणजे जणू पावसाळ्यात भरून ठेवलेला रांजणच होय. या रांजणाचे झाकणही पक्के असते. पानाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे आतले पाणी उन्हाने व वाऱ्याने सहजासहजी उडून जात नाही. मुळांना पाणी मिळेनासे झाले, की कोरफड हा साठा थोडा थोडा खर्च करते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते.

अशा रीतीने आपल्या अंगात पाणी साठवणाऱ्या वनस्पतींना मांसल वनस्पती म्हणतात. रोपवाटिकेत त्या ‘सक्युलंट’ या नावाने विकल्या जातात. त्यांतील काही आपला साठा पानांत ठेवतात. कोरफड, पानफुटी, घायपात आणि जाड चकचकीत पानांचे जेड हे झुडूप ही त्यांची उदाहरणे होत. काही वनस्पतींनी पाने जवळजवळ टाकूनच दिली आहेत आणि पाण्याची कोठी खोडात नेली आहे. फड्या निवडुंगाचे जे हिरवे, चपटे फड असतात, ती पाने नसून खोडेच असतात. त्याच्यावरील काटे म्हणजे पानांचीच बदललेली रूपे होत. पान जितके मोठे, तितके पाणी अधिक उडून जाते. म्हणून निवडुंगाने पानाचा काटा केला. तो काटा एकाच वेळी पाण्याची बचत करतो आणि तहानलेल्या जनावरांना दूरही ठेवतो.

येथे एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातील आहे; तो माणसाच्या हातून भारतात आला. शेतांच्या कुंपणाला लावलेला शेर किंवा डोंगरउतारावरील कोनदार खोडाचा निवडुंग हे मात्र अगदी वेगळ्या कुळातले, एरंडाचे आप्त आहेत. त्यांच्या अंगातून पांढरा चीक येतो. फड्या निवडुंगातून तो येत नाही. या दोन घराण्यांचे एकमेकांशी जवळचे नाते नाही. तरीही दोघांची अंगे जाड, दोघांवर काटे आणि दोघांच्या पानांना रजा! दुष्काळ हा एकच गुरू दोघांना लाभला, म्हणून दोघे एकच धडा शिकले. हा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते. यास्तव ओळख पटवण्यासाठी मुलांनी अशी झाडे मोडून पाहू नयेत.

मांसल पान पाणी किती जपते, हे शाळेतही सहज पडताळून पाहता येते. जास्वंदीचे एक पान आणि जेडची काही पाने घ्यावी व प्रयोगशाळेच्या तराजूत त्यांचे वजन करून वहीत लिहून ठेवावे. मग दोन्ही पाने खिडकीत सावलीला ठेवावी आणि दररोज ठरावीक वेळी त्यांचे वजन करावे. जास्वंदीचे पान लवकरच कोमेजून हलके व कुरकुरीत होते. जेडच्या पानांचे वजन मात्र दिवसाकाठी अगदी थोडे उतरते. दोन-तीन आठवड्यांनी त्याच पानांच्या देठाशी बारीक मुळे फुटलेली दिसली, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

खिडकीत शोभणारी ही लहान रोपे जगाच्या दूरदूरच्या भागांतून आली आहेत. जेड आणि हॅवर्थिया ही आफ्रिकेच्या दक्षिण भागातील होत. पानफुटी मूळची मादागास्कर बेटावरची आहे. कमळासारखी पानांची रचना असलेली एचेव्हेरिया प्रामुख्याने मेक्सिकोची. एचेव्हेरिया हे नाव तिला १८२८ साली आतानासियो एचेव्हेरिया या मेक्सिकोच्या चित्रकाराच्या सन्मानार्थ देण्यात आले; वनस्पतींची सुंदर चित्रे काढण्यात त्याचा हातखंडा होता. या साऱ्या वनस्पतींचे देश वेगळे असले, तरी त्यांच्या वस्तीच्या जागा पुष्कळशा सारख्या आहेत. खडकांच्या फटी, मुरमाड उतार, पाणी क्षणभरही न ठरणारी जमीन आणि महिनोन्महिने कोरडे आकाश, अशा ठिकाणी त्या वाढल्या.

दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या देशांच्या पश्चिम भागात एक विस्तीर्ण कोरडा प्रदेश आहे. तेथे वर्षभरात अनेक ठिकाणी २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. असे असूनही जगातील सर्वांत अधिक प्रकारच्या मांसल वनस्पती याच प्रदेशात आढळतात. १८११ साली विल्यम बर्चेल नावाचा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ दक्षिण आफ्रिकेतील अशाच एका खडकाळ मैदानातून प्रवास करीत होता. एक विचित्र आकाराचा खडा दिसला, म्हणून त्याने तो उचलला. पाहतो तो काय, तो खडा नसून वनस्पती होती! तिला पुढे लिथॉप्स असे नाव मिळाले. लोक तिला ‘जिवंत दगड’ म्हणतात. तिला दोनच जाड पाने असतात आणि त्यांचा बहुतेक भाग जमिनीत दडलेला असतो. वर दिसणारा माथा आसपासच्या खड्यांच्या रंगाचा असल्यामुळे चरणाऱ्या प्राण्यांना तो ओळखू येत नाही. या माथ्यावर काचेच्या तावदानासारखे अर्धपारदर्शक ठिपके असतात. त्यांतून सूर्यप्रकाश आत उतरतो आणि जमिनीखालच्या पानालाही अन्न तयार करता येते.

लिथॉप्सची नवी पाने कशी येतात, हेही पाहण्यासारखे आहे. जुन्या पानांच्या पोटातून नवी जोडी वर येते. त्या वेळी जुनी पाने आपल्यातील पाणी नव्या पानांना देऊन टाकतात आणि स्वतः वाळून कागदासारखी पातळ होतात. या काळात कोणी मायेने पाणी घातले, तर जुनी पाने वाळत नाहीत. रोपाचा क्रम बिघडतो आणि पुष्कळदा ते कुजून जाते. ज्या वेळी रोप सुकल्यासारखे दिसते, नेमक्या त्याच वेळी त्याला पाणी नको असते.

या वनस्पतींची आणखी एक विलक्षण सवय भारतात उघडकीस आली. बेंजामिन हेन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करीत असे. पानफुटीची पाने चाखून पाहताना त्याला असे आढळले, की सकाळी ती चांगलीच आंबट लागतात, दुपारच्या सुमारास त्यांना काही चव उरत नाही आणि संध्याकाळी ती किंचित कडवट लागतात. एकाच झाडाचे एकच पान दिवसातून तीन चवी बदलते, ही गोष्ट त्याने पत्राने लंडनला कळवली आणि १८१५ साली ती छापून प्रसिद्ध झाली. पानफुटीच्या अंगात विषारी द्रव्येही असतात, म्हणून हेनचा हा प्रयोग कोणी जिभेवर करू नये. त्याच्या निरीक्षणाचे महत्त्व मात्र फार मोठे आहे.

या चवीच्या बदलामागे वनस्पतीचे श्वासाचे वेळापत्रक आहे. पानांवर अतिशय सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू या छिद्रांतून आत येतो. परंतु छिद्रे उघडली, की त्यांच्यातून पाण्याची वाफही बाहेर पडते. आंबा, वड, जास्वंद ही झाडे दिवसा छिद्रे उघडतात. त्यांना मुळांकडून पाण्याचा पुरवठा चालू असतो, म्हणून ती हा तोटा सोसू शकतात. कोरड्या प्रदेशातील मांसल वनस्पतीला अशी उधळपट्टी परवडत नाही. त्यामुळे त्यांच्यापैकी कित्येक वनस्पती भर उन्हात आपली दारे घट्ट मिटून घेतात आणि रात्री हवा गार झाल्यावर ती उघडतात. रात्री आत घेतलेला वायू त्या मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा याच आम्लामुळे येतो. सकाळी सूर्य उगवला, की दारे बंद होतात आणि साठवलेल्या आम्लातून वायू मोकळा करून, प्रकाशाच्या साह्याने त्यापासून साखर बनवली जाते. दिवस चढत जातो तसतसे आम्ल संपते. म्हणून सकाळचे आंबट पान दुपारी बेचव होते.

ही काटकसर फुकट होत नाही. रात्री जितका वायू साठवता येईल तितक्यावरच दिवसाचे काम भागवावे लागत असल्याने यांतील बहुतेक रोपे सावकाश वाढतात. सावकाश वाढणाऱ्या रोपाची भूकही थोडी आणि तहानही थोडी. मांसल रोपांची निगा कशी राखावी, याचे सारे मर्म एवढ्याच गोष्टीत आहे.

घरी आणलेली ही रोपे बहुधा तहानेने मरत नाहीत. ती पाण्याने मरतात. हे वाचून नवल वाटेल, पण कारण सरळ आहे. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा खेळत असते. मुळांनाही श्वसनासाठी ही हवा लागते. माती सतत ओली राहिली, की त्या पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळे गुदमरतात आणि त्यांच्यावर बुरशीचा हल्ला होतो. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. मग पाण्यात उभे असूनही रोप तहानेले राहते आणि त्याची पाने सुरकुततात. सुरकुतलेली पाने पाहून घरातील माणसाला वाटते, की रोपाला पाणी कमी पडले. ते आणखी पाणी घालते. जो उपचार म्हणून केला, तोच घात ठरतो. यासाठी सुरकुतलेल्या पानाला पाणी घालण्यापूर्वी माती चाचपून पाहावी. माती कोरडी असेल, तर रोप खरोखरच तहानलेले आहे. माती ओली असेल, तर मुळांना रोग लागला आहे असे समजावे. पाने पिवळट, काचेसारखी आणि मऊ होऊ लागली, तर तीही कुजण्याचीच खूण होय.

म्हणून सुरुवात कुंडीपासून करावी. पक्क्या भाजलेल्या पण चकाकी न दिलेल्या मातीची लहान कुंडी सर्वांत चांगली. तिच्या अंगातून ओल बाहेर झिरपते आणि माती लवकर वाळते. रोपाच्या विस्तारापेक्षा कुंडी बोटभर मोठी असली, म्हणजे पुरे. मोठ्या कुंडीत माती अधिक, म्हणून ओलही अधिक दिवस टिकते. कुंडीच्या तळाला छिद्र हवेच. चिनी मातीचे रंगीत पेले दुकानात मोहक दिसतात, परंतु छिद्र नसलेल्या पेल्यात घातलेले पाणी तळाशी साचून राहते. तळाला खडे भरल्याने हा दोष जात नाही. पाणी बाहेर जाण्याची वाटच नसेल, तर ते खड्यांतच तुंबते. छिद्रावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही.

मातीची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. दख्खनच्या पठारावरील काळी माती कपाशीला मानवते, कारण ती ओल फार काळ धरून ठेवते. तोच गुण येथे अवगुण ठरतो. नुसत्या काळ्या मातीत मांसल रोप लावू नये. एक भाग तांबडी किंवा बागेतील माती, एक भाग धुतलेली जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, असे मिश्रण करावे. समुद्रकिनाऱ्याची वाळू घेऊ नये. तिच्यातील मीठ मुळांना बाधते. हे मिश्रण ओले करून मुठीत दाबले आणि मूठ उघडताच ते मोकळे होऊन पडले, म्हणजे माती योग्य झाली असे समजावे.

पाणी किती दिवसांनी घालावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याला एकच उत्तर देता येत नाही, कारण नागपूरचा मे महिना आणि महाबळेश्वरचा जुलै महिना सारखा नसतो. बांबूची एक बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसावी व थोड्या वेळाने बाहेर काढून पाहावी. तिला ओलसर माती चिकटली असेल, तर थांबावे. ती कोरडी निघाली, तर पाणी घालावे. घालताना मात्र कंजूषपणा करू नये. तळाच्या छिद्रातून पाणी वाहू लागेपर्यंत ते घालावे, म्हणजे सर्व मुळांना ते पोचते. खालच्या बशीत साचलेले पाणी लगेच फेकून द्यावे. त्यानंतर माती पुरती वाळेपर्यंत कुंडीकडे पाण्याचा तांब्या नेऊ नये. त्यांच्या मायदेशीही असेच घडते. पाऊस येतो तेव्हा खडक न्हाऊन निघतात आणि मग पुष्कळ दिवस काहीच मिळत नाही. रोज घोटभर पाणी मिळणे ही गोष्ट या वनस्पतींच्या अनुभवातच नाही.

महाराष्ट्रात या रोपांची खरी परीक्षा उन्हाळ्यात होत नाही. ती पावसाळ्यात होते. ज्या रोपांचे पूर्वज वर्षाला २०० मिलिमीटर पावसावर जगत आले, ती रत्नागिरीच्या एखाद्या ओट्यावर ठेवली जातात आणि रत्नागिरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ या एका दिवसाच्या नोंदीत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कोरड्या प्रदेशातील कित्येक रोपांना चार वर्षांतही इतका पाऊस भेटत नाही! म्हणून मृगाच्या सरी सुरू होण्यापूर्वीच कुंड्या पागोळ्यांपासून दूर, छपराखाली आणि वारा खेळेल अशा उजेडाच्या जागी हलवाव्या. हवा दमट असल्याने माती लवकर वाळत नाही. या दिवसांत तीन-तीन आठवडे पाणी घातले नाही तरी चालते. पावसाळा संपून आश्विनातील कोरडे ऊन पडू लागले, म्हणजे पुन्हा हळूहळू पाणी वाढवावे.

पाण्याखालोखाल प्रकाशाचा विचार करावा. पूर्वेच्या खिडकीतील सकाळचे तीन-चार तासांचे ऊन बहुतेक रोपांना मानवते. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेले रोप उजेडाच्या शोधात लांब व बारीक होत जाते. त्याच्या पानांतील अंतर वाढते, रंग फिका पडतो आणि ते एका बाजूला कलते. याउलट, सावलीत वाढलेले रोप एकदम एप्रिलच्या दुपारी गच्चीवर ठेवले, तर पानांवर तपकिरी डाग पडतात व ते कधीही भरून येत नाहीत. रोपाला उन्हाची ओळख क्रमाक्रमाने करून द्यावी. हॅवर्थियासारखी काही रोपे मायदेशी झुडपांच्या आडोशाला वाढतात. त्यांना थेट उन्हापेक्षा भरपूर उजेड अधिक आवडतो.

अधूनमधून पानांच्या बेचक्यांत पाहावे. तेथे कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण आहे असे ओळखावे. हा कीटक पानातील रस शोषतो आणि गोड चिकट द्रव टाकतो. त्या गोडीसाठी मुंग्या येतात. कुंडीवर मुंग्यांची रांग लागणे ही त्याची पहिली सूचना असते. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने हे पुंजके पुसून काढावे आणि ते रोप काही दिवस इतरांपासून वेगळे ठेवावे.

या वनस्पतींचा सर्वांत आनंददायी गुण म्हणजे त्या उदार आहेत. पानफुटीचे पान ओल्या मातीवर नुसते ठेवले, तरी त्याच्या कडेच्या खाचांतून इवलीइवली रोपे डोकावू लागतात. वहीत ठेवलेल्या किंवा दोऱ्याने टांगलेल्या पानालाही कधीकधी अशी पिल्ले फुटतात. कोरफडीच्या बुंध्याशी मुनवे येतात. ते मुळांसह वेगळे करून लावावे. जेडची फांदी किंवा एचेव्हेरियाचे देठासकट काढलेले अखंड पान यांपासूनही नवे रोप होते. येथेही घाई नडते. ताजा काप तसाच ओल्या मातीत खोचला, तर तो कुजतो. म्हणून तो चार-सहा दिवस सावलीत ठेवावा. जखमेवर कोरडी खपली धरली, म्हणजे तो कोरडसर वाळूमिश्रित मातीवर ठेवावा आणि मुळे दिसू लागल्यावरच पाणी शिंपडावे. एका पानापासून रोप, रोपापासून पुन्हा पाने, असे करीत एका वर्गातील सर्व मुलांना पुरतील इतकी रोपे एकाच कुंडीतून तयार होऊ शकतात.

हे औदार्य समजून घेणे आज फार अगत्याचे झाले आहे. मांसल वनस्पतींची आवड जगभर पसरली, तशी त्यांची चोरीही वाढली. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम नावाच्या, सुपारीएवढ्या लहान वनस्पती खडकांच्या फटींत वाढतात. २०१९ पासून चोरट्यांनी अशा वनस्पती मोठ्या प्रमाणावर उपटून परदेशी पाठवण्यास सुरुवात केली. तेथील अधिकाऱ्यांनी अशी लाखो रोपे जप्त केली. त्यांतील काही जाती एखाद्या टेकडीपुरत्याच उरलेल्या असतात. ती टेकडी ओरबाडली गेली, म्हणजे ती जात तिच्या मायभूमीतून नाहीशी होते. खिडकीतील शोभेसाठी एखाद्या डोंगराचे वैभव कायमचे हरपावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

अशा दुर्मीळ वनस्पती केवळ परदेशातच आहेत असे नव्हे. सह्याद्रीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक मांसल वनस्पती आढळते. जुन्नरच्या परिसरात ती आढळल्यावर १८६४ च्या सुमारास डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका असे शास्त्रीय नाव दिले. शिवनेरीसारख्या थोड्याच ठिकाणच्या कड्यांवर ती उरली आहे आणि महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः कोठेही वाढत नाही. पावसाळ्यात तिच्या जाड, लोंबत्या फांद्यांना पाने येतात. मग पिवळ्या ठिपक्यांची, काळपट तांबडी फुले उमलतात. माश्या त्यांच्याकडे आकृष्ट होतात आणि परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. कोरडे दिवस आले, की पाने गळून पडतात व फांद्या आपल्या साठ्यावर पुढच्या पावसापर्यंत दिवस काढतात. जनावरांची चराई, वणवे, दरडी कोसळणे आणि हौसेने उपटून नेणारी माणसे यांनी तिचे जगणे अवघड केले आहे. सुदैवाने फांदीच्या तुकड्यापासून तिचे रोप होते, त्यामुळे वनस्पती उद्यानांत तिची जोपासना करता आली. गडावर फिरावयास गेलेल्या मुलांना ती दिसली, तर त्यांनी ती डोळे भरून पाहावी, तिचे चित्र काढावे आणि तिला कड्यावरच राहू द्यावे.

घरासाठी रोप हवे असेल, तर ते शेजाऱ्याकडून मागून घेतलेल्या पानापासून किंवा रोपवाटिकेत वाढवलेल्या फांदीपासून करावे. असे रोप डोंगराला उघडे पाडत नाही आणि ज्याच्याकडून ते आणले, त्याच्या कुंडीतही काही उणे होत नाही.

एखाद्या जिवाची काळजी घेणे म्हणजे त्याच्यासाठी सतत काहीतरी करीत राहणे, अशी पुष्कळांची समजूत असते. मांसल रोपे ही समजूत दुरुस्त करतात. ती सांभाळणाऱ्याला रोज पाहावे लागते, परंतु रोज काही करावे लागत नाही. माती ओली आहे की कोरडी, पान भरलेले आहे की सुरकुतलेले, ऊन कोठून कोठे सरकले, हे ज्याच्या ध्यानात येते, त्याच्या हातून पाणी वेळेवर घातले जाते आणि अवेळी घालण्याचा मोहही आवरला जातो. खिडकीतील जेडला आणि कड्यावरील शिंदळ माकुडीला माणसाकडून फार थोडे हवे असते. एकीला वेळेवर तांब्याभर पाणी हवे असते, दुसरीला तेही नको असते. तिला माणसाचा हात दूर असला, म्हणजे पुरते.